राखेचा गेम आणि आप्पांची मूठ

काल सकाळी आप्पांचा फोन आला. माझ्या वडिलांना फोनवर हवापाणी, तब्येत, जेवलीस का, असलं काही जमत नाही. "सोमवारी कात्री लावतोय. रविवारीच ये." मी बरं म्हणेपर्यंत पुढचं वाक्य आलंच, "आणि त्या पांढऱ्या बुटात येऊ नको, चिखल हाय." फोन बंद.

मी उठून टीव्हीखालच्या कप्प्यातून गेमचा कंट्रोलर काढला, त्यावरची धूळ ओढणीने पुसली आणि चार्जिंगला लावला. दरवर्षी हेच करते. पाऊस उघडतो, दुपारचं ऊन चटके देऊ लागतं, गंगापूर रोडला झेंडूचे ढीग लागतात, दिंडोरीकडून येणारा प्रत्येक माणूस द्राक्षाच्या छाटणीशिवाय दुसरं बोलत नाही, आणि मला एक जुना, आता कोणीही खेळत नसलेला गोळीबाराचा गेम आठवतो. ऑक्टोबर आला की लोकांना गरबा आठवतो, कोजागरीचं दूध आठवतं. आठवू दे बापडे. मला राख आठवते.

आधीच सांगून टाकते. मी चाळिशी गाठलेली, नाशकात एकटी राहणारी, एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करणारी बाई आहे आणि मला गोळीबाराचे गेम आवडतात. सोसायटीच्या हळदीकुंकवात एकदा हे बोलून बसले. समोरच्या काकूंनी कौतुकाने विचारलं, "म्हणजे ते फळं जुळवायचे का गं?" मी म्हटलं, "नाही हो, माणसं मारायचे." तेव्हापासून त्या मला लिफ्टमध्ये थोडं अंतर ठेवून हसतात.

तर हा गेम. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आमच्या घरात त्याला राखेचा गेम म्हणतात, तेच चालवून घ्या. गोष्ट पुढच्या कुठल्या तरी काळातली. हवा विषारी झालेली, आभाळातून सतत राख पडते. एका कंपनीने शहरावर काचेचे घुमट बांधलेत आणि आतल्या प्रत्येकाच्या मनगटावर एक मीटर बसवलंय. आज किती श्वास वापरला, किती शिल्लक आहे, ते त्यावर दिसतं. वाटा संपला की मुखवटे घातलेले रक्षक येतात आणि माणसाला घुमटाबाहेर नेऊन सोडतात. अशाच एका बाहेर टाकलेल्या माणसाच्या अंगात आपण शिरायचं, एक जुनाट बंदूक पैदा करायची आणि परत आत घुसायचं. आत त्याची बायको राहिलेली असते. बस, एवढीच गोष्ट.

काही वर्षांमागे एका आषाढात आप्पांना लकव्याचा झटका आला. बांधावर उभे होते, उजव्या हातातली बादली सुटली, आणि आई सांगते, ते बराच वेळ त्या बादलीकडेच रागाने बघत राहिले. जिवावरचं निभावलं. बोलणं लवकर ताळ्यावर आलं, पाय ओढत ओढत चालू लागला, पण उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवलेला. रोज व्यायाम करून घ्यायचा तर शहरातच राहायला हवं, म्हणून आई-आप्पा माझ्या फ्लॅटवर आले. आईने येताना लोणच्याची बरणी, नागलीचं पीठ आणि माझ्या स्वयंपाकघराबद्दलची आपली मतं आणली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गावाकडे द्राक्षबाग सांभाळायला थांबला.

बाहेर संततधार. गोदावरीला पूर, काठावरचा दुतोंड्या मारुती कमरेइतका बुडाल्याचे फोटो सगळीकडून येत होते. आप्पा खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे आणि समोरच्या इमारतीवरच्या शेवाळाकडे बघायचे. बोलायचे फक्त दादाशी, फोनवर. काडी किती झाली? पानं टिकली का? डावणीचा रोग तर नाही ना दिसत? दादा सगळं सांगायचा. एक दिवस तो चांगल्या मनाने म्हणाला, "आप्पा, यंदा घरामागच्या प्लॉटात मी लावतो कात्री. तुम्ही नुसते खुर्चीत बसा."

हे समजायला आमच्याकडची रीत माहीत हवी. पावसाळ्यानंतरची छाटणी म्हणजे द्राक्षबागेचं नवं वर्ष. इथे वेलीची काडी कुठे कापली, कितवा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, राखला, यावर उन्हाळ्यात घड हाती येणार की नुसता पाला, ते ठरतं. छाटणीच्या सकाळी कात्रीची पूजा होते, हळदकुंकू, नारळ. मग घरातला कर्ता पहिल्या ओळीतल्या पहिल्या वेलीची पहिली काडी कापतो. तोवर कोणी कात्री उघडत नाही. पेठ-सुरगाण्याकडून जीप भरून आलेली मजुरांची टोळी ओळीओळीत उभी राहते आणि वाट बघते. घरामागचा प्लॉट आप्पांनी माझ्या जन्माच्या वर्षी स्वतः लावलेला. त्या प्लॉटात पहिली कात्री आजवर त्यांच्याच हातची.

आप्पा फोनवर शांतपणे म्हणाले, "लाव की तू. लाव. आणि छाटणी उरकली का जेसीबी बोलाव. तो प्लॉट काढून टाकू, मका टाकू तिथं."

"आप्पा, असं काय बोलता?"

"माझा हात चालला तर तो प्लॉट राहील. नाय चालला तर नाय."

आईने कणीक मळता मळता माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींना ठाऊक होतं की ही नुसती धमकी नाही. या माणसाने एकदा चुलत्याशी झालेल्या भांडणात, सावली कुणाच्या अंगणात पडते यावरून, दारातलं भरल्या फळांचं चिक्कूचं झाड सकाळी उठून तोडलं होतं. नंतर वर्षभर चिक्कू विकत आणून खाल्ले, पण बोलले नाहीत.

हाताचा व्यायाम घ्यायला फिजिओ मॅडम यायच्या. मॅडम म्हणजे पंचविशीची तरतरीत मुलगी, बोलायला गोड आणि कामाला कडक. तिने आप्पांना दाबायला एक पिवळा मऊ चेंडू दिला. आप्पांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि आईला म्हणाले, "हे दादाच्या पोरीला देऊन टाक." मी समजावलं, आईने समजावलं, मॅडमनी समजावलं. ढिम्म हलले नाहीत. चेंडू फ्रिजवर जाऊन बसला.

माझी दुपारची सुट्टी तासाभराची. एका दुपारी जेवण झाल्यावर मी पडदे ओढले आणि राखेचा गेम लावला. आप्पा मागच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोपलेत. मी घुमटाबाहेरच्या ओसाड वसाहतीत दबकत चाललेले, आणि मागून आवाज आला, "उजवीकडं एक हाय." मी बघितलं. काही नाही. "अगं पोरी, उजवीकडं! त्या टाकीच्या आड." एवढ्यात टाकीच्या आडून गोळी आली आणि मी मेले. "सांगत होतो," आप्पा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात जरा मजा आली होती.

मी चिडले होते. "एवढं दिसतंय तर तुम्हीच खेळा ना!" असं म्हणून कंट्रोलर त्यांच्या मांडीवर ठेवला. डावा हात तर चांगलाच होता, तो चालायच्या स्टिकवर बसला. उजवा मी उचलून ठेवला. अंगठा दुसऱ्या स्टिकवर. ती फिरवली की नजर फिरते, नेम धरता येतो. तर्जनीखाली चाप. अंगठा हळूहळू, थांबत थांबत सरकला आणि पडद्यावरची बंदूक त्या टाकीकडे वळली. चाप मात्र दबेना. बोट नुसतं त्यावर पडून राहिलं. आप्पांनी थोडा वेळ प्रयत्न केला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मार."

मी त्यांच्या बोटावर बोट ठेवून चाप ओढला. टाकीआडचा कोसळला.

"आता पुढं," आप्पा म्हणाले.

असं आमचं सुरू झालं. नेम त्यांचा, चाप माझा. एका कंट्रोलरवर दोन माणसं, सोफ्यावर खांद्याला खांदा लावून. दुपारभर घरात "मार, मार, अगं मार ना!" चालू. आई आतून म्हणायची, "आयुष्यात उंदीर मारला नाय या माणसानं, पिंजरा उघडून शेजारच्यांच्या शेतात सोडायचे." आप्पा म्हणायचे, "हे उंदीर नायत."

गेमबद्दल लिहिणारे लोक आधी गुण लिहितात आणि मग दोष. तसं मला नीट मांडून जमणार नाही, कारण माझ्या डोक्यात गुण-दोष दोन्ही आप्पांच्या आवाजात आहेत. पण एक गुण कोणीही मान्य करील, तो म्हणजे श्वास. या गेममध्ये संगीत जवळजवळ नाही. मुखवट्याच्या आतून आपलाच श्वास ऐकू येतो. धावलं की तो वाढतो, मीटर भराभर उतरतं, गाळणी बदलायची वेळ येते. त्यामुळे इतर गेमसारखं उधळत सुटता येत नाही. थांबावं लागतं, भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. त्या पावसाळ्यात माझ्या शेजारी एक माणूस असाच बसलेला असायचा, ज्याला शर्टाचं बटण लावतानाही मध्ये थांबून दम घ्यावा लागत होता. मी आधी हा गेम एकदा पूर्ण खेळले होते, तेव्हा श्वासाची भानगड मला कटकटीची वाटली होती. आप्पांबरोबर खेळताना मला पहिल्यांदा कळलं की ती या गेमची सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

दुसरा गुण राखेचा. राखेत पावलं उमटतात आणि उमटलेली राहतात. रक्षक कुठून गेला ते दिसतं, आणि आपण कुठून आलो तेही त्यांना दिसतं. आप्पा पावलं वाचत चालायचे. बंदुकीतही राख जाते, मग ऐन वेळी ती अडकते, झटकावी लागते. आप्पांना हे फार पटलं. "पंपाचं नोझल असंच चोंदतं," म्हणाले, आणि प्रत्येक खोलीत शिरण्याआधी बंदूक झटकायला लागले. गरज नसतानाही.

मग तो वाऱ्याचा घोळ. गेममध्ये पुढे एक हत्यार मिळतं, पाठीवर टाकी आणि हातात नळी, त्यातून पिवळा वायू सुटतो. आप्पांनी जन्मभर पाठीवर पंप घेऊन फवारणी केलेली. नळी हातात आली मात्र, ते मोकळ्या चौकात मधोमध उभे राहिले. समोरून रक्षक येताहेत, गोळ्या लागताहेत, पडदा लाल होतोय, आणि हे उभे!

"आप्पा, मारू का? मारू?"

"थांब. वारं बघू दे."

"कसलं वारं? आप्पा, मेलो आपण!"

"अगं, वारं तोंडावर असलं तर आपल्याच अंगावर येईल ते."

मेलो. पुन्हा सुरुवातीपासून आलो, पुन्हा चौक, पुन्हा आप्पा वारं बघत उभे. राख कुठल्या बाजूला वाहतेय ते निरखत होते. आणि राख तर सरळ खालीच पडते, कायम, कारण गेम बनवणाऱ्यांनी वारा घातलेलाच नाही. मी हे आप्पांना समजावलं. "एवढी राख पाडली आणि वारं नाय घातलं," ते म्हणाले. "मग ही राख जाती कुठं?" मी तो दोष आधी कधी पाहिलाच नव्हता, आणि आता पाहिल्यापासून तो गेम मला जरा खोटा दिसतो. पण खरं सांगायचं तर आप्पांचंही चुकतच होतं. गेमला वारा नाही हे कळल्यावरही ते प्रत्येक वेळी थांबले आणि आम्ही प्रत्येक वेळी मेलो. शेवटी ते हत्यारच त्यांनी टाकून दिलं.

आईचा आक्षेप वेगळा होता. ती भाजी निवडत समोर बसायची आणि अधूनमधून मान वर करून बघायची. "एवढी घरं दाखवलीत, एका घरात चूल नाय?" खरंच नाही. ताटं आहेत, पलंग आहेत, भिंतींवर कंपनीची पोस्टरं आहेत, पण कोणी काही रांधल्याची खूण नाही. एवढं मोठं शहर उभं केलं, श्वासाचा हिशोब ठेवला आणि जेवणाचा विसरले. बाकीचे दोष कोणालाही दिसतील असे. रक्षक बिनडोक आहेत, एक मेला की दुसरा त्याच जागी येऊन उभा राहतो. मोठी मारामारी व्हायच्या आधी वाटेत गोळ्यांचे डबे मांडून ठेवलेले असतात, त्यामुळे पुढे काय आहे ते आधीच कळतं. डबे दिसले की आप्पा म्हणायचे, "आला बघ पाहुणचार." आणि कंपनीचा मालक भोंग्यावरून स्वतःचे सगळे कावे इतक्या सविस्तर सांगतो की ऐकून कंटाळा येतो. "याला घरात कोणी ऐकत नसणार," आई म्हणाली होती.

श्रावण गेला, गौरी-गणपती झाले. आप्पांचा अंगठा आता सरसर फिरत होता. तर्जनी हलायची, पण चाप ओढण्याइतकी नाही. "मार" चालूच होतं.

मग काचघर आलं. गेमच्या मधोमध एक भलंमोठं काचेचं घर आहे, कंपनीचं जुनं. आत तारांवर चढवलेल्या वेलींच्या ओळी, सगळ्या वाळलेल्या. वरून काचेतून करडा उजेड पडतो. गोळीबार नाही, भोंगा नाही, फक्त श्वास. मला गेममधली ही जागा आधीपासून आवडायची. आप्पा ओळीतून हळू चालत गेले. एका वेलीशी थांबले, नजर खोडावरून वर नेली, तारेवर आडव्या गेलेल्या ओलांड्यावरून काडीपर्यंत. "तारा चांगल्या ताणल्यात," म्हणाले. "ज्यानं केलंय त्यानं बाग बघितलीय." मला बरं वाटलं, जणू ते मीच केलं होतं.

पुढे ओळींमध्ये रक्षक होते. आप्पा गोळी घालेनात. वेलीला लागेल म्हणून. मी म्हटलं, आप्पा, मेलेल्या वेली आहेत त्या. "असू दे." त्यांना कडेकडेने निसटून जायचं होतं, पण गेम जाऊ देत नाही. सगळे रक्षक पडल्याशिवाय पलीकडचं दार उघडतच नाही. हा या गेमचा मोठा दोष, आणि त्यावर मी तावातावाने बोलू शकते. सावध राहायला शिकवता, श्वास जपायला शिकवता, आणि मग सावध माणसाला दारच उघडत नाही! आप्पांनी मग आपला मार्ग काढला. एकेक रक्षक ओळीच्या टोकाला येईपर्यंत वाट बघायची, तो वेलींपासून मोकळा झाला की मारायचा. फार वेळ लागत होता. एक अगदी टोकाला येत होता, आप्पांचा नेम धरलेला, आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आई खाली भाजी आणायला गेली होती. मी गॅस बंद करायला उठले.

आत असतानाच मला गोळीचा आवाज आला.

मी धावत बाहेर आले. रक्षक ओळीच्या टोकाला पडला होता आणि आप्पा आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, जसे त्या दिवशी बादलीकडे बघत असतील तसे, फक्त रागाने नाही. मला रडू आलं. मी सरळ त्यांच्यासमोर रडले. "रडती काय," ते म्हणाले, "अजून दोन हायेत तिकडं." ते दोघेही त्यांनीच मारले.

त्या संध्याकाळी दादाला फोन गेला, चुलत्यांना फोन गेला, आईने शिरा केला. आप्पांनी तर्जनी हलवून दाखवली, पुन्हा पुन्हा, मागेल त्याला. छाटणी आता फार लांब नव्हती. मी मनात घरामागचा प्लॉट वाचवूनही टाकला होता.

फिजिओ मॅडम आल्या तेव्हा मी त्यांना मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. तिने हात तपासला. अंगठा उत्तम, तर्जनी उत्तम. मग तिने आपली दोन बोटं आप्पांच्या तळहातात ठेवली आणि म्हणाली, "काका, आवळा." आप्पांनी आवळलं. ती म्हणाली, "अजून जोरात." मग तिने हात सोडला आणि सरळ सांगितलं, "मूठ वाढलेली नाही, काका. तुमचा हा गेम दोन बोटांचा आहे. बाकीच्या तीन बोटांना आणि तळव्याला त्यात कामच नाही."

एवढे गुण-दोष मी काढत बसले होते, आणि खरा दोष हा होता. चापाला काय, बोटाचा एक इशारा पुरतो. जुनी, पिकलेली काडी कापायची तर सगळी मूठ आवळावी लागते. गेम बनवणाऱ्यांचा यात काही अपराध नाही, त्यांनी तो काड्या कापायला बनवला नव्हता. तरी मला त्यांचा संताप आला. मॅडम गेल्यावर आप्पा आईला म्हणाले, "तो चेंडू कुठं हाय?" आईने फ्रिजवरून काढून दिला.

त्यानंतर मी एकटीने पुढे न जाता मागचेच टप्पे खेळायचे आणि आप्पा शेजारी बसून चेंडू दाबायचे. चेंडू जेमतेम चेपायचा. एकदा त्यांनी विचारलं, "शेवटी काय होतं याचं?" मी सांगितलं की शेवटी बायको भेटतच नाही, एका खोलीत दोन बटणं असतात. एक दाबलं की घुमट सगळ्यांसाठी उघडतात, दुसरं दाबलं की मालकाच्या खुर्चीत आपण बसतो. "बटणावर शेवट?" आप्पा म्हणाले. "मग एवढं चालायला कशाला लावलं?" त्यांनी शेवट पाहिला नाही. दिवसच संपले, छाटणी आली.

त्या सकाळी बागेत चिखल होता आणि मी पांढरे बूट घालून गेले होते. कात्रीची पूजा झाली. आप्पांची जुनी कात्री, दांड्यांना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. दादाने नारळ फोडला. टोळी ओळीओळीत उभी होती, सगळ्यांच्या कात्र्या मिटलेल्या. आप्पा पाय ओढत पहिल्या वेलीशी गेले आणि कात्री उजव्या हातात घेतली. अंगठा आणि तर्जनी बरोबर बसली. त्यांनी डोळे मोजले, काडी निवडली, राखायच्या डोळ्याच्या वर बोटभर पातं टेकवलं. हात जराही हलला नाही. असा नेम मी पावसाळाभर बघत होते.

मग त्यांनी दाबलं. पातं सालीत शिरलं आणि तिथेच राहिलं. पुन्हा दाबलं. काडी काही तुटेना. टोळीतल्या सोनीबाईने नजर खाली घातली. दादा अर्धं पाऊल पुढे झाला आणि आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो तिथेच थांबला. आई पदर तोंडाला लावून उभी होती. मला समोर वेल दिसत नव्हती, उखडलेला प्लॉट दिसत होता.

आप्पा काडीवरची नजर न काढता म्हणाले, "नंदे, इकडं ये."

मी गेले.

"मार."

मी त्यांच्या मुठीवर मूठ ठेवली आणि सगळा जोर लावून दाबलं. टक्. काडी खाली पडली.

दादा चाचरत म्हणाला, "आप्पा, पण पहिली कात्री... हिचा हात..."

"चाप तिचा," आप्पा म्हणाले. "नेम माझा हाय." आणि टोळीकडे वळून ओरडले, "काय बघता? लावा की कात्र्या!" सोनीबाई आप्पांना हसून म्हणाली, "लय बरं झालं, दाजी," आणि सगळ्या बागेत टकटक सुरू झाली. जेसीबीचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

गेम तिथेच राहिला. अजूनही तो लावला की आमचा माणूस काचघराच्या पलीकडच्या दारात उभा असतो, बंदूक झटकलेली, राख सरळ खाली पडतेय. मी त्याला पुढे नेत नाही. छाटणीच्या आधी थोडा वेळ लावते, श्वास ऐकते आणि बंद करते.

आप्पांची मूठ पुढच्या वर्षीपर्यंत वळायला लागली. तो पिवळा चेंडू त्यांनी दाबून दाबून फोडला. आता ते अख्खी ओळ एकट्याने छाटतात, कोणी मदतीला आलं तर हाकलून देतात. म्हणून गेल्या वर्षी मी मुद्दामच हात पाठीमागे बांधून उभी राहिले. म्हटलं, बघू तरी. पूजा झाली, नारळ फुटला. आप्पांनी पहिल्या वेलीवर पातं टेकवलं. हात स्थिर, मूठ घट्ट. टोळी खोळंबली. आप्पा काही दाबेनात.

"काय आप्पा, वारं बघताय का?" मी विचारलं.

"तुझी वाट बघतोय," ते म्हणाले. "मार."

मी मुठीवर मूठ ठेवली आणि दाबलं.